वाऱ्याविरुद्ध चाललेला बोया

बंदरावर कुणाची चप्पल पाण्यात गेली तर तो माणूस दोन ठिकाणी जायचा. एक चपलांच्या दुकानात आणि दुसरं शेवाळबाईकडे. दुकानदार नवा जोड पुढे करायचा. शेवाळबाई मात्र डोळे बारीक करून विचारायची, "कधी पडली? भरती होती की ओहोटी? पालथी पडली की उताणी?" चप्पल हरवलेला माणूस म्हणायचा, "अहो, जाऊ द्या, चप्पलच ती." पण ही कुठली जाऊ देतेय. पालथ्या चपलेला वारा कमी लागतो, उताणीला जास्त लागतो, हे ती त्याला भर रस्त्यात समजावून सांगायची. एका पायात चप्पल घातलेला तो बिचारा भाजीची पिशवी सावरत मान डोलवायचा.

तसं तिचं काम चपलांचं नव्हतं, शेवाळाचं होतं. दूरच्या खोल समुद्रात एक तपकिरी शेवाळ असतं. त्याला ना मूळ, ना बूड. अंगावरच्या वाटाण्याएवढ्या फुग्यांवर ते तरंगतं, आणि वाढत वाढत त्याची शेतंच्या शेतं होतात. खोल पाण्यात असेपर्यंत ते मोठं गुणी. त्याच्या सावलीला माशांची पिल्लं वाढतात, कासवं टेकतात. पण एकदा का किनाऱ्याला लागलं, की असं कुजतं, असं कुजतं, की लोक खिडक्या लावून घेतात आणि पाहुण्यांना चार दिवस थांबून यायला कळवतात. तर हे शेवाळ कुठे निघालंय, केव्हा पोचेल आणि कुणाच्या दारात उतरेल, हे आधी सांगणं म्हणजे तिची नोकरी.

तिचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली पंक्चर, वर महासागर. खालच्या पोराने हवेचा पंप सुरू केला की वरचे दिवे मिचमिचायचे आणि पडद्यावरच्या समुद्राला हुडहुडी भरायची. खोलीत तीन टेबलं, एक चहाची किटली, भिंतीवर किनाऱ्याचा भलामोठा नकाशा आणि नकाशाखाली साहेब. साहेब मुळात शांत माणूस. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि हसणं ऐकलेलेही फारसे नव्हते.

काम कसं चालतं हे तिने एकदा आईला सांगून पाहिलं होतं. "आई, उन्हात एक उजेड असतो. तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. पाणी तो गिळून टाकतं आणि झाडपाला तो परत फेकतो. उपग्रहाला तो परत फेकलेला उजेड दिसतो. त्यावरून कळतं, इथे नुसतं पाणी आहे आणि तिथे शेवाळ."

आई शेंगा सोलत होती. "म्हणजे तुझ्या बाबांसारखं," ती म्हणाली. "काही सांगितलं की परत फेकायचं."

"बरं, आता शेवाळ दिसलं. मग समुद्राचं मॉडेल असतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक खोटा समुद्र. त्यात खरे प्रवाह घालायचे, खरा वारा घालायचा आणि शेवाळ सोडून द्यायचं. दोन दिवसांनी ते कुठे असेल ते खोटा समुद्र आजच सांगतो."

"आणि खरा समुद्र ऐकतो त्याचं?"

"बहुतेक वेळा."

"नशीबवान आहे तुझा खोटा समुद्र," आई म्हणाली. "मला तर बहुतेक वेळासुद्धा कुणी ऐकत नाही."

ही आवड तिला लहानपणापासूनची. बाबा होडीतून माणसं या काठावरून त्या काठाला न्यायचे. ही आणि धाकटा भाऊ होडीच्या टोकाला बसून फळांच्या साली पाण्यात टाकायचे आणि कुणाची साल आधी कुठल्या खांबाला लागते यावर भांडायचे. एकदा तिच्या डब्याचं झाकणच पडलं. बाबांनी भरलेली होडी वळवली. होडीत लग्नाला निघालेलं अख्खं घर बसलेलं, नवरीचा मामा घड्याळ दाखवतोय, आणि बाबा झाकणामागे. "पोरीची वस्तू आहे," एवढंच म्हणाले. झाकण मिळालं. लग्न काय, थोडं उशिरा लागलं, पण लागलं. मामा मात्र पुढे कितीतरी वर्षं लांबच्या पुलावरून चालत जायचा, पण बाबांच्या होडीत पाय ठेवत नसे.

धाकटा मोठा झाल्यावर जहाजावर गेला, जगभर फिरला, आणि एक दिवस बॅग टाकून म्हणाला, आता मासे पाळणार. गावाच्या उत्तरेला डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलंय. टोकाच्या अलीकडे बंदर आणि पलीकडे दीपगृह. दीपगृहाकडच्या निवांत पाण्यात त्याने जाळ्यांचे गोल पिंजरे टाकले. बोटाएवढी पिल्लं सोडली. रात्रंदिवस राखण करता यावी म्हणून शेजारी तराफ्यावर पत्र्याची खोली बांधली. आता ते मासे हातभर झाले होते. पहिलंच पीक, आणि काढणीला आलेलं. आईने त्याच्यासाठी मुली बघायचंही या काढणीवरच टांगून ठेवलं होतं.

बहीणभावाचं भांडण सालीच्या काळापासून चालू ते चालूच होतं. तो म्हणायचा, "ताई, तुझा अंदाज आला की मी उलटं धरतो. निम्म्या वेळा बरोबर येतं."

"आणि उरलेल्या निम्म्या वेळा कुणाचं बरोबर येतं?"

"त्या वेळी मी झोपलेला असतो."

त्या वर्षी शेवाळाचा एक मोठा पट्टा सरळ गावाच्या रोखाने निघाला. उपग्रहाने तो दाखवला आणि लगेच आभाळ भरून आलं. ढग आले की उपग्रह आंधळा. पट्टा टोकाशी येऊन एका बाजूला वळणार हे नक्की होतं. बंदराकडे वळला तर गावाच्या नाकाला त्रास. दीपगृहाकडे वळला तर धाकट्याचं सगळंच संपलं. शेवाळ जाळ्यांना चिकटलं की आतलं पाणी बदलत नाही, आणि मासे पाण्यात असून गुदमरतात. पिंजरे होडीने ओढून दुसरीकडे नेता येतात, पण मुंगीच्या चालीने. घाई केली तर मासे जाळ्यावर घासून सोलवटतात. म्हणजे न्यायचे की नाही, हे वेळेत ठरवायला हवं होतं, आणि ते ठरवायचं होतं शेवाळबाईने.

ढगांखालचं पाणी कुठे चाललंय हे कळायला तिच्याकडे बोये होते. भोपळ्याएवढा नारिंगी गोळा, वर काडीएवढी तार, खाली कापडाचा लांब मोजा. मोजा पाण्यात लोंबतो, म्हणून बोया वाऱ्याने उडत नाही, पाण्याबरोबर चालतो आणि आपण कुठे आहोत ते ऑफिसला कळवत राहतो. शेवाळाच्या पट्ट्याजवळ सोडलेल्या बोयांपैकी दोघांची दातखीळ बसली होती. एकच बोलत होता. सगळा भार आता त्याच्यावर.

सकाळी ती ऑफिसात आली तर बोयाने चमत्कार केलेला. काल दुपारपर्यंत तो वाऱ्याच्या बाजूने बंदराकडे येत होता. मग एकाएकी वळला, टोकाला वळसा घातला, सरळ धाकट्याच्या पिंजऱ्यांपाशी गेला आणि रात्रभर तिथेच घुटमळत राहिला. मॉडेलने ते खरं मानलं आणि आपले प्रवाह वळवून घेतले. खोट्या समुद्रातलं सगळं शेवाळ मुकाट्याने बोयाच्या मागोमाग दीपगृहाकडे निघालं होतं.

साहेब नकाशाखाली उभे होते. "वाऱ्याविरुद्ध चाललाय," ते म्हणाले. "मला पटत नाही."

इथेच ती फसली. टोकाच्या आड पाणी उलटं वळतं, तिथे एक भोवरा आहे, असं तिचं जुनं म्हणणं होतं. साहेबांना ते मान्य नव्हतं. दोघांचं यावर चहाच्या कपागणिक वाजायचं. आणि आज बोया बरोबर त्या वळणाने गेला होता. घरात बाळ पहिल्यांदा चाललं की माणूस जमीन उतरती आहे का ते बघत नाही.

"साहेब, हाच माझा भोवरा," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत थांबू."

"उद्यापर्यंत माशांना वेळ नाही."

तिने भावाला फोन लावला. "पिंजरे बंदराकडे घे. आत्ता निघ. शेवाळ तुझ्याकडे वळतंय."

"ताई, इथे पाणी आरशासारखं आहे."

"आरशात मागचं दिसतं. मी पुढचं सांगतेय."

मग तो म्हणाला, "नक्की?"

"नक्की." हा शब्द ती कधी वापरत नसे. तिच्या धंद्यात 'शक्यता आहे' म्हणतात.

"बरं. बाबाही आत्ताच गेले, नाहीतर हाताला मदत झाली असती. काल गळ टाकायला आले होते, इंजिन बिघडलं म्हणून रात्री इथेच राहिले." तो कुरकुरत दोर सोडवायला लागला. तिने बाबांचं ऐकूनही ऐकलं नाही. तिच्या डोक्यात भोवरा फिरत होता.

दुपार व्हायच्या बेताला साहेबांनी तिला हाक मारली. आवाज नेहमीसारखाच शांत. "बाई, जरा इकडे या. तुमचा भोवरा न्हाव्याच्या दुकानात शिरलाय."

ती धावली. पडद्यावर बोयाचा ठिपका बंदरात आला होता, धक्क्याच्या पायऱ्या चढला होता, रस्ता ओलांडून न्हाव्याकडे गेला होता आणि तिथे दाढी होण्याइतका वेळ बसला होता. दोघांच्या डोळ्यांदेखत तो उठला, पावाच्या दुकानाशी थांबला, मग एका गल्लीत वळला. गल्ली तिच्या ओळखीची होती. गल्लीतलं घर तर फारच ओळखीचं होतं. ठिपका थोडा वेळ मोरीपाशी थांबला, मग जिना चढून गच्चीवर गेला आणि स्थिर झाला.

तिने घरी फोन लावला. "आई, बाबांनी घरी काही आणलंय का?"

"तो भोपळा ना? हो. काय घाण होती गं त्याला, गोगलगाईच गोगलगाई. मी घासून वाळत घातलाय. आणि त्याचा तो मोजा उसवला होता, तो शिवायला घेतलाय."

म्हणजे बोया काल दुपारपासून बाबांच्या होडीत होता. सगळं उलगडलं. बोया कुणी मोटारलाँचमध्ये उचलून नेला असता तर लगेच कळलं असतं, कारण पाण्याला झेपणार नाही असा वेग दिसला की कॉम्प्युटर ती नोंद फेकून देतो. पण बाबांच्या होडीचं इंजिन धाकट्याहून म्हातारं. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरने त्या होडीला पाण्याचा प्रवाहच समजलं असतं.

"बोया काढून पुन्हा चालवा," साहेब म्हणाले. तिने बोयाची कालपासूनची सगळी नोंद पुसली आणि मॉडेल नव्याने सोडलं. खाली पंपाला घरघर लागली, दिवे मिचमिचले, खोटा समुद्र थरथरला आणि मग शेवाळ सरळ बंदराच्या तोंडात जाऊन बसलं. संध्याकाळपर्यंत. म्हणजे जिथे तिने भावाला पाठवलं होतं, बरोबर तिथे.

"तुम्ही जा," साहेब म्हणाले. "अंदाजाचं पत्रक मी बदलतो." त्यांनी चष्मा पुसला. "कारण काय लिहू? बोया वाळत घातल्यामुळे?"

ते हसत होते की काय हे बघायलाही ती थांबली नाही. जिन्यातूनच तिने भावाला फोन लावला. "कुठे आहेस?"

"टोकाशी. आता वळसा घातला की बंदर. का?"

"थांब. परत फीर. मी चुकले."

धाकट्याने एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसतं म्हणाला, "ताई, आयुष्यात एकदा तुझं ऐकलं मी."

"माहितीये."

"आता वारा तोंडावर आहे. एकट्या होडीने नाही ओढता यायचे."

"तू फक्त तिथे धरून ठेव. मी बाबांना घेऊन येते."

बाबा दाढी गुळगुळीत करून जेवायला बसत होते. तिने त्यांना पानावरून उठवलं. आईने डबा भरून हातात दिला. धक्का मागे पडल्यावर तिला राहवेना.

"बाबा, त्याच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, हात लावू नये, समुद्रातच राहू द्यावे. वाचलं नाहीत?"

"वाचलं की."

"मग?"

"ते लोकांसाठी असतं," बाबा म्हणाले. "मी तुझा बाप आहे. खाली तुझ्या ऑफिसचं नाव दिसलं. म्हटलं, पोरीची वस्तू वाहून चाललीये, उद्या साहेब ओरडतील."

"आणि धाकट्यालाही दाखवला नाहीत."

"त्याला कसा दाखवू? वर्षभर तुला बोलला असता, ऑफिसचं सामान हरवते म्हणून. रेनकोटात गुंडाळून फळीखाली ठेवला होता." बाबांनी इंजिनाला प्रेमाने थोपटलं. ते खोकलं आणि चालत राहिलं. "का गं, फार नुकसान झालं का?"

तिला आधी रडू येईलसं वाटलं, आणि आलं हसू. "अजून नाही," ती म्हणाली. "पण जरा जोरात घ्या."

"हा जोरातच चाललाय."

टोकाशी धाकटा पिंजऱ्यांचा दोर ताणून उभा होता. कपाळावर आठ्यांचं जाळं. त्याने बाबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकाने वाट चुकवली, एकीने चुकीची वाट दाखवली. छान. आता दोर पकडा."

बाबांची होडी पुढे बांधली, त्याची मागे. आणि गंमत अशी, की पिंजरे ओढायला बाबांची होडीच बरी पडली. धाकट्याची होडी धसमुसळी, जरा जोर दिला की पिंजरे कलायचे आणि आतले मासे एका बाजूला गोळा व्हायचे. बाबांचं म्हातारं इंजिन मात्र एकाच लयीत फटफटत राहिलं. बाबांची मान ताठ झाली. "सांभाळून घ्या रे मागे," ते दर थोड्या वेळाने सांगायचे, जसं काही मागचेच गडबड करत होते.

ती पिंजऱ्याच्या कडेवर आडवी पडली होती, हातात आकडा लावलेली काठी. आणि तेव्हा तिने बाहेरच्या पाण्यात पाहिलं. पट्टा आला होता. इतकी वर्षं पडद्यावर ती त्याला तांबड्या ठिपक्यांत बघत होती, पण खोल पाण्यातून येताना त्याला असं समोर कधी पाहिलं नव्हतं. ढगांच्या फटीतून आलेल्या उन्हात तो सोन्यासारखा चमकत होता, श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. त्याच्या कडेने बारीक मासे उड्या मारत होते. एका झुबक्यावर खेकड्याचं पिल्लू बसलं होतं, होडीतल्या उतारूसारखं, दोन्ही हात पोटाशी घेऊन.

"ताई, बघत काय बसलीस?" धाकटा ओरडला. "तुझा पाहुणा आलाय, त्याला काठी लाव."

पट्ट्यातून सुटलेले झुबके पिंजऱ्याकडे यायला लागले. ती काठीने एकेक ढकलत राहिली. एक ढकलला की दुसरा, दुसरा ढकलला की दोन. हात खांद्यातून भरून आले. खेकड्याचं पिल्लू असलेला झुबका मात्र तिने हलकेच बाजूला लावला. टोकाला वळसा पडला, दीपगृह दिसायला लागलं, आणि झुबके विरळ झाले. मोठा पट्टा त्यांच्यामागे वळलाच नाही. तो वाऱ्याबरोबर संथपणे बंदरात शिरत होता, बोया पुसलेल्या मॉडेलने सांगितलं होतं तसा.

पिंजरे जुन्या जागी नांगरले तेव्हा दिवस कलला होता. बंदराकडून पहिला उग्र दर्प यायला लागला होता. पण इथलं पाणी स्वच्छ होतं. तरी कुणाच्या जिवात जीव नव्हता. दिवसभर ओढाताण झालेला मासा घाबरलेला असतो. खाऊ लागला तर जगला. तळाशी बसून राहिला तर रात्रीतून एकेक करून उलटा होऊन वर येतो.

धाकट्याने खाद्याची बादली घेतली आणि मूठभर दाणे पाण्यावर फेकले. दाणे तरंगत राहिले. तिघं वाकून बघत होते. दाणे ओले होऊन फुगायला लागले, एक दोन बुडालेही.

"वेळ लागतो त्यांना," ती म्हणाली.

"तू आज काही सांगू नकोस," धाकटा म्हणाला. पण आवाजात धार नव्हती, आणि बादली त्याने तिच्या बाजूलाच धरली होती.

तिने एक मूठ घेतली आणि जरा लांब, सावलीत टाकली. पाणी हललं. एक गोल ओठ वर आला, दाणा गिळून खाली गेला. मग दुसरा, मग तिसरा, आणि मग तिथलं पाणी भांड्यात उकळावं तसं उसळायला लागलं. तिघांच्या अंगावर शिंतोडे उडाले.

"खातायत," धाकटा म्हणाला. तो खाली बसला आणि तोंडावरून ओला हात फिरवला. बराच वेळ तो माशांकडे बघत होता. "ताई," मग तो म्हणाला, "ते बंदरातलं आता कधी निघेल?"

"ढग हटले की बघून सांगते."

"नक्की?"

"शक्यता आहे," ती म्हणाली.

बाबांनी तोवर डबा उघडून फळीवर मांडला होता. "ते जेवतायत ना," ते म्हणाले, "मग आपण कशाला थांबलोय?"